‘मॅब’ची बाटली जोरात सोडू नका, आणि त्याआधी कावीळ ‘ब’ तपासा

जालना : “सिस्टर, सलाईन जरा जोरात सोडा ना, पाचची गाडी चुकंल.” छत्रपती संभाजीनगरला पेशंट घेऊन गेलेले आपण असं सहज बोलून जातो. साध्या ग्लुकोजच्या बाटलीला ते एकवेळ खपून जातं. पण रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आणि आमवातासाठी जी ‘रिटुक्सिमॅब’ची बाटली लावतात, तिला ही घाई जिवावर बेतू शकते.

औषधाच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ आलं की समजायचं, हे मोनोक्लोनल अँटीबॉडी जातीचं औषध आहे. १९७५ साली इंग्लंडमध्ये कोहलर आणि मिलस्टाईन यांनी ही पद्धत शोधली, १९८४ ला त्यांना नोबेल मिळालं. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ ला मंजुरी मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याच्यासारखंच औषध भारतात स्वस्तात आणलं. आता इतर कंपन्यांचंही मिळतं.

रक्तातल्या ‘बी’ पेशींवर ‘सीडी-२०’ नावाची एक खूण असते. औषध त्या खुणेला चिकटतं आणि ती पेशी मरते. कोणी म्हणेल, हे तर कापसातलं गवत मारणाऱ्या निवडक तणनाशकासारखं झालं. तेवढं सोपं नाही. खूण चांगल्या ‘बी’ पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात आणि अंगातली प्रतिकारशक्ती कित्येक महिने कमी राहते. पुढची सगळी काळजी याच्यासाठीच.

सगळ्यात मोठा धोका कावीळ ‘ब’चा. हा विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षे गुपचूप पडून असतो, माणसाला पत्ताही नसतो. प्रतिकारशक्ती उतरली की तो उठतो. कधी उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उठतो, आणि लिव्हर निकामी होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून पहिल्या बाटलीआधी रक्ताच्या दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत : ‘एचबीएसएजी’ आणि ‘अँटी-एचबीसी टोटल’. पहिली निगेटिव्ह आली म्हणून दुसरी सोडू नका, जुना संसर्ग दुसरीतच कळतो. आपल्याकडे कावीळ झाली की झाडपाल्याचं औषध घेऊन ‘उतरवून’ आणतात आणि विसरून जातात. वीस वर्षांपूर्वीची का असेना, डॉक्टरला सांगा. तपासणी पॉझिटिव्ह आली तरी उपचाराचा रस्ता बंद होत नाही. सोबत विषाणूविरोधी गोळी देतात. २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कावीळ नियंत्रण कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

आता बाटलीचा दिवस. आधी तापाची गोळी, अ‍ॅलर्जीचं औषध आणि बऱ्याचदा स्टेरॉईड देतात. पहिली बाटली साधारण ताशी ५० मिलिग्रॅमने सुरू करतात, त्रास नसला तर दर अर्ध्या तासाने वेग वाढवतात. चार-सहा तास जातातच. पहिल्याच बाटलीला, सुरुवातीच्या अर्ध्या ते दोन तासांत रिअ‍ॅक्शन जास्त येते. कारण एकदम खूप पेशी फुटतात. थंडी वाजणं, ताप, खाज, अंगावर गांधी, घसा आवळणं, दम लागणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर लगेच सिस्टरला हाक मारा. “थोडं सहन करा” म्हणत बसू नका. बाटली थांबवतात, औषध देतात, बरं वाटल्यावर हळू वेगाने परत सुरू करतात. नळीचं चाक आपण फिरवायचं नाही. बीपीची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारा, कारण बाटली चालू असताना बीपी उतरू शकतो. आणि मुक्कामाची तयारी ठेवूनच निघा.

“गावातल्या डॉक्टरकडं लावून घेऊ, भाडं वाचंल,” हा विचारही मनातून काढा. रिअ‍ॅक्शन आली तर ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिन आणि सांभाळणारी माणसं तिथंच लागतात.

औषध बाहेरून आणायला सांगितलं तर पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा बॅच नंबर कुपीशी जुळवा. २ ते ८ अंशांत ते थंड राहिलं पाहिजे, पण गोठता कामा नये, म्हणून बर्फाला चिकटवून आणू नका. रिकामी कुपी समोर फोडायला सांगा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्यांत भलतंच भरून विकणारी टोळी पकडली होती.

दुसऱ्या ‘मॅब’चे धोके वेगळे. संधिवातातल्या इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबने दबलेला टीबी वर येतो, म्हणून एक्स-रे आणि टीबीची तपासणी आधी लागते. मायलोमातल्या डॅराटुमुमॅबने रक्त जुळवण्याच्या चाचणीत गोंधळ होतो. आधीच रक्तगट तपासून घ्या, आणि रक्त भरायची वेळ आली तर रक्तपेढीला हे औषध चालू असल्याचं सांगा.

रिटुक्सिमॅब घेणाऱ्या बाईने शेवटच्या बाटलीनंतर १२ महिने दिवस राहू देऊ नयेत. जिवंत विषाणूची लस डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

घरी आल्यावर ताप १००.४ च्या वर गेला, खोकला हटेना, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, तर मेडिकलवरून गोळी आणून दिवस काढू नका. ज्या दवाखान्यात बाटली लावली, तिथं त्याच दिवशी फोन करा. नंबर फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या पोरालाही सापडंल.