दिवाणी दाव्यातले बाबासाहेब

पडघ्यातल्या माणसाला कोर्ट म्हटले की भिवंडी आणि वरचे कोर्ट म्हटले की ठाणे. तारखेसाठी ठाण्याला जाताना आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असते, की चवदार तळ्याच्या दाव्याचे अपील याच ठाण्याच्या कोर्टात चालले? त्या दाव्यातले पहिले प्रतिवादी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

घटनाकार बाबासाहेब आमच्या घराघरांत आहेत. वकील बाबासाहेब मात्र आमच्या भाषणांत क्वचितच येतात. १९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ साली सनद घ्यायला पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर कामे देईनात. तेव्हा बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत मात्र गोरगरिबांची रीघ असे.

२० मार्च १९२७ रोजी आम्ही चवदार तळ्याचे पाणी प्यालो. डिसेंबरात सनातन्यांनी महाडच्या कोर्टात दिवाणी दावा ठोकून मनाईहुकूम मिळवला. तळे आमचे खाजगी, अस्पृश्यांना बंदी ही अनादि प्रथा, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण मनाईहुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब करून ते कोर्टात लढले. महाडला १९३१ साली, ठाण्याला १९३३ साली आणि मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी सनातनी हरले. तळे नगरपालिकेचे ठरले, अनादि प्रथा सिद्ध झाली नाही. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे कोर्टकचेरी!

ही चिकाटी आली कुठून? पुस्तकांतून. दादरचे 'राजगृह' त्यांनी ग्रंथांसाठी बांधले. व्हायोलिन, बाग आणि कुत्री हेही त्यांचे जिव्हाळ्याचे छंद. पण खरा नाद कागद वाचण्याचा. आम्ही नेमके तेच टाळतो.

आज पडघ्याच्या आसपास गोदामे उभी राहत आहेत, जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. अशा वेळी महार वतनाच्या जमिनीवर दलालांची नजर जाणारच. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपली. परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे संरक्षण आहे, पण ते किती घरांना ठाऊक आहे? कोरे कुलमुखत्यारपत्र पुढे आले की आमचा भाऊ अंगठा उठवून मोकळा होतो. मग नातवंडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

आमची मुले एलएल. बी. होतात, याचा आम्हांला अभिमान आहे. त्यांना आमचे सांगणे एवढेच : फौजदारी खटले लढाच, पण सातबारा, फेरफार आणि वारसनोंदही शिका. महिन्यातून एक रविवार बुद्धविहारात बसा आणि आपल्या माणसांचे कागद वाचून द्या. आणि बांधवांनो, वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

बाबासाहेबांनी कोर्टात पाणी राखले. आम्ही निदान जमीन राखू या. जयभीम!