अडीच लाख म्युलर, अडीच लाख गिरणी कामगार

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या शेजारी मॅक्स म्युलर भवन आहे. पत्ता, के. दुभाष मार्ग. या एका पत्त्यात दोन जुने धंदे राहतात. म्युलर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. दुभाष म्हणजे दोन भाषा जाणणारा, बंदरात लागलेल्या जहाजांचे व्यवहार जुळवून देणारा आणि त्यांना माल पुरवणारा.

म्युलर हे जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. २००५च्या सुमारास तिथल्या टेलिफोनच्या यादीत या एका आडनावाच्या नोंदी अडीच लाखांच्या वर होत्या. अडीच लाख हा आकडा मुंबईकराला आणखी एका ठिकाणी भेटतो. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा या शहरातल्या कापड गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगार होते. पहिली गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, तिची कंपनी १८५४ची. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पिढ्यान् पिढ्या माणसं भोंग्यावर उठली, पाळीला गेली. एवढ्या वस्तीला गिरणगाव हे नाव मिळालं, पण गिरणीवरून पडलेलं आडनाव मला परळ-लालबागमध्ये एकदाही भेटलेलं नाही.

असं का झालं असावं, याचं उत्तर मला जर्मन यादीतच सापडतं. त्या यादीतली पहिली चौदा आडनावं कामावरून किंवा हुद्द्यावरून आलेली आहेत. म्युलर पहिला, मग लोहार श्मिट, शिंपी श्नायडर, कोळी फिशर, विणकर वेबर आणि पुढे इतर. मध्ययुगात बहुसंख्य जर्मन माणसं शेतकरी होती. तरीही शेतकरी या अर्थाचं बाउअर त्या चौदांत जवळजवळ तळाला आहे. ज्या गावात सगळेच नांगर धरतात तिथे ‘शेतकरी’ अशी हाक मारली तर कोण ओ देणार? गिरणीवाला मात्र गावात एकच. पुष्कळ ठिकाणी जमीनदाराच्या गिरणीतच दळण नेण्याची सक्ती होती, त्यामुळे त्याला सगळं गाव ओळखायचं. साधारण बाराव्या ते सोळाव्या शतकात तिथली आडनावं कायम झाली आणि गावोगावचा तो एकेक माणूस आपापल्या जागी म्युलर झाला.

आपल्याकडचा पाटील हुबेहूब असाच. जर्मन यादीतला शुल्त्स हा गावाचा मुख्य, सारा-देणी वसूल करणारा. आपल्या पाटलाचंही तेच काम. महाराष्ट्रात ४० हजारांहून जास्त गावं आहेत आणि प्रत्येकात पाटीलकी होती, म्हणजे हे आडनाव उगवायला ४० हजार जागा. कुलकर्ण्यांचंही तसंच, गावचं दप्तर ज्याच्या घरात तो कुलकर्णी. कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५०चा, पाटलांचा हुद्दा रद्द करणारा १९६२चा. कामं गेली, आडनावं मात्र वाढतच राहिली.

ती किती वाढू शकतात याचं साधं गणित करून पाहा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४चा, त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर १४ पिढ्या. प्रत्येक पिढीत प्रत्येकाला दोन मुलगे झाले आणि जगले, तर त्या वेळच्या एका कुलकर्ण्याचे आजच्या पिढीत १६,३८४ कुलकर्णी होतात. एका माणसाचं हे एक लहानसं शहर! उलट बाजूही पाहायला हवी. सरासरी एकच मुलगा जगला आणि कोणाला किती होणार हे दैवावर सोडलं, तर एकेकट्या माणसापासून निघालेल्या १०० आडनावांपैकी ८०हून जास्त दहा पिढ्यांतच बुडतात. गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७४मध्ये याच प्रश्नाचं गणित मांडलं होतं. म्हणून एकाच घराण्याचं आडनाव कायम धोक्यात असतं आणि हजारो गावांत स्वतंत्रपणे उगवलेलं आडनाव तगतं. एका पाटलाचा वंश खुंटला तरी शेजारच्या गावचा पाटील असतोच.

आता गिरणगावाकडे या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींच्या मुळात २०७ इमारती होत्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. हिशेब साडेसोळा हजार खोल्यांच्या वर जातो. ज्या मजल्यावर दारागणिक कर्ता माणूस गिरणीच्या साचाखात्यात किंवा रिंगखात्यात, तिथे ‘गिरणीवाला’ म्हणून कोणाला वेगळं काढायचं? तिथे ओळख विचारली जायची ती गावाची. कुठले तुम्ही, मालवणचे की चिपळूणचे? शिवाय ही माणसं मुंबईत उतरली ती परब, सावंत, शिंदे अशी किंवा गावाचा ‘कर’ लावून. आडनाव पडायची वेळ निघून गेली होती.

उलट जुनं आडनाव नव्या धंद्यात किती दूर जातं ते परळलाच दिसतं. वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. लवजी वाडिया १७३६मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. या घराण्यानं पुढे तीनशेहून जास्त जहाजं बांधली. १८१७मध्ये मुंबईत पाण्यात उतरवलेलं त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. १८७९मध्ये वाडिया कापडात आले, बॉम्बे डाइंग काढली. परळचं नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६चं. तिथे जन्मलेल्या कितीतरी मुलांचे बाप गिरणीत होते.

आडनावं दोन मुलग्यांच्या गणितानंच पसरतात असंही नाही. रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलं, वाढवलं आणि आपलं नाव-आडनाव देऊन शाळेत घातलं. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे.