सीमेवर कुणी उभं नसलं तरी

येत्या मे महिन्यात आम्ही घरची चार माणसं म्युनिकला माझ्या नणंदेकडे जाणार आहोत. एकूण चोवीस दिवस. त्यातले तेरा दिवस तिच्या घरी, आणि अकरा दिवस भाड्याच्या मोटारीने ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड असा फेरा करून परत म्युनिक. संतपूरसारख्या गावात अशी बातमी लपून राहत नाही. दूधवाल्यापासून कॉलेजातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. एवढ्या टूर कंपन्या असताना स्वतः गाडी चालवण्याचा उद्योग कशाला?

याचं उत्तर आमच्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे आणि दिवसातून दोन वेळा इन्शुलिन. पहाटे सहाला तयार होऊन टूरच्या बसमागे धावणं त्यांना झेपणार नाही. तिकडची रेल्वे उत्तम, पण बॅगा सांभाळत फलाट बदलायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. आपली गाडी त्या म्हणतील तिथे थांबेल. शिवाय आम्हाला नुसती स्थळं पाहायची नाहीत, सोयरे गाठायचे आहेत. नणंद म्युनिकला, यजमानांच्या चुलतबहिणीचा मुलगा शिक्षणासाठी मिलानला, आणि सासूबाईंच्या भावाची मुलगी स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला. २०२१ मध्ये सासरे गेले, तेव्हा कोरोनाच्या निर्बंधांमुळे यातलं कुणीच येऊ शकलं नाही. तेव्हापासून सासूबाईंचं एकच म्हणणं आहे, ‘एकदा सगळ्यांची घरं डोळ्यांनी बघून येते.’ नणंदेला एवढी रजा मिळणार नाही. म्हणून गाडी आम्हीच चालवायची, असं ठरलं.

एक जिल्हा, तीन राज्यं

सोयरे तीन देशांत विखुरलेले, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याला वाटू नये. मी इतिहास शिकवते, त्यामुळे वर्गात दर वर्षी ही गोष्ट सांगावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि झहीराबाद आंध्रात गेले. कुणाचं माहेर इकडे तर सासर तिकडे, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. माझंच पाहा. माहेर उदगीरकडचं मराठी आणि सासर मूळ गुलबर्ग्याचं, म्हणजे आजच्या कलबुर्गीचं, कन्नड.

त्याआधीच्या पिढीने याहून कडक सीमा पाहिली होती. निजामाच्या राज्यात शिरताना मालावर करोडगिरी भरावी लागे आणि नाणंही वेगळं, हाली सिक्का. सासूबाईंच्या वडिलांच्या तोंडी हे शब्द शेवटपर्यंत होते. आज औरादहून देगलूरकडे जाताना सीमा कळते ती रस्त्याकडेच्या पाटीवरची लिपी बदलते तेव्हा.

युरोपानेही अशीच वाट धरली. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या लहानशा गावी पाच देशांनी आपसांतली तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा आणि नाणी वापरात आली. स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्ये असूनही युरोपीय संघात नाही आणि तिथलं नाणं फ्रँक. थोडक्यात, एका बाबतीत सीमा पुसली म्हणून सगळ्या बाबतींत पुसली असं होत नाही. प्रवासाच्या तयारीत आम्हाला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो हे समजून घ्यायला.

कागदांची पिशवी

व्हिसा एकच, पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम आहे. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. आमचे जास्त दिवस जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीचा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून तो करता येतो. मोठ्या माणसाला जून २०२४ पासून ९० युरो शुल्क आहे. आपल्याला हैदराबाद जवळ आणि बेंगळुरू लांब, पण रहिवासाचा पत्ता कर्नाटकातला असतो. तेव्हा अर्ज कोणत्या केंद्रावर चालेल हे गाडीभाडं खर्च करण्याआधी विचारून घ्यावं. शेंगेनच्या मुलखात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पासपोर्टवर शिक्के मारण्याऐवजी येण्या-जाण्याची नोंद संगणकात घेण्याची पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे दिवसांची मोजदाद आता यंत्रच करतं. जर्मनीने तर सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. म्हणून पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवायचे.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. घरात ज्येष्ठ माणूस असेल तर नुसती रक्कम पाहू नये. आधीपासून असलेल्या आजारांबद्दल विमापत्रात काय लिहिलंय ते ओळ न् ओळ वाचावं. ‘मधुमेह लिहिला तर हप्ता वाढेल, नाही लिहिला तर काय होतंय?’ असा सल्ला आम्हालाही मिळाला. पण परक्या देशात दवाखान्याचं बिल समोर आलं की न लिहिलेला आजारच आड येतो. आम्ही सगळं लिहून दिलं.

गाडीसाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. तो आपल्या आरटीओतूनच मिळतो. नमुना ४-अ चा अर्ज, एक हजार रुपये शुल्क आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशभर त्याचा एकच नमुना ठरवून दिला. मात्र तो एकटा चालत नाही, मूळ परवाना सोबत लागतोच. भाड्याची गाडी घेताना मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि अनामत म्हणून त्यावरची मोठी रक्कम अडकवून ठेवतात. दुसरा चालक असेल तर त्याचं नाव करारात घालावं लागतं. गाडी कोणकोणत्या देशांत नेणार हेही आधी सांगावं लागतं. या दोन गोष्टी तोंडी ठेवू नयेत.

नाका नाही, पण कॅमेरा आहे

आपल्याकडची एक सवय इथे उपयोगी पडते आणि एक सोडावी लागते. सीमा ओलांडली की भाषा, डिझेलचा भाव, पोलिसांच्या गणवेशावरचं नाव बदलतं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. ही सवय कामाची. पण ‘अडवायला कुणी नाही, म्हणजे चालतंय’ ही दुसरी सवय तिकडे महागात पडते. तिथे माणूस अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते आणि कंपनी आपला आकार वेगळा लावते.

प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. जर्मनीच्या महामार्गावर मोटारीला टोल नाही. ऑस्ट्रियात शिरण्याआधी ठरावीक दिवसांचा ‘विन्येट’ म्हणजे रस्त्याचा परवाना घ्यावा लागतो. तो काचेवर चिकटवायचा किंवा गाडीच्या नंबरावर ऑनलाइन घ्यायचा. ऑनलाइन घ्यायचा तर गाडीचा नंबर कळल्याशिवाय घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावं. इन्सब्रुकहून इटलीकडे नेणाऱ्या ब्रेनरच्या रस्त्याला त्यावर वेगळा टोल. स्वित्झर्लंडमध्ये एक दिवस जा किंवा वर्षभर फिरा, विन्येट वर्षाचाच आणि किंमत ४० फ्रँक. इटलीत आत शिरताना चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे. तिथल्या पिवळ्या खुणेच्या रांगेत मात्र शिरायचं नाही. ती आपल्या फास्टॅगसारखं यंत्र बसवलेल्यांसाठी असते.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा. नकाशा दाखवणारा फोन तिथून बिनदिक्कत रस्ता काढतो. म्हणून व्हेरोना आणि मिलान इथे मुक्काम या भागाबाहेर, वाहनतळ असलेल्या ठिकाणी घेतला आहे. महामार्गावर जास्तीत जास्त वेग ऑस्ट्रिया आणि इटलीत १३०, तर स्वित्झर्लंडमध्ये १२०. इटलीत पाऊस असेल तर ११०.

एक नियम मला फार आवडला. जर्मनी आणि ऑस्ट्रियात महामार्गावर गाड्या तुंबल्या की सर्वांत डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट मोकळी ठेवायची. रुग्णवाहिका दिसल्यावर नव्हे, वाहतूक मंदावली की लगेच. सायरन ऐकून मग जागा शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा नियम इकडेच पाळायला सुरुवात करायला हरकत नाही.

गाडी कोण चालवणार?

घरात खरी चर्चा झाली ती यावर. यजमान वीस वर्षं गाडी चालवतात, पण समोरच्या दिव्यांनी आता त्यांचे डोळे दिपतात आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्री चालवायला मनाई केली आहे. माझ्याकडे परवाना आहे, पण माझी धाव कॉलेज आणि बीदर एवढीच. लांबच्या प्रवासात मी नेहमी शेजारच्या सीटवर. ‘परमुलखात बाईमाणसाने कशाला?’ असं एका वडीलधाऱ्यांनी विचारलंच. भारुलता कांबळे यांनी २०१६ मध्ये ब्रिटनहून एकट्याने गाडी चालवत ३२ देश ओलांडून भारत गाठला होता. मी तेवढं उदाहरण दिलं आणि विषय मिटवला. परवाने दोघांचे काढले.

मग सरावाला लागलो. गेले दोन महिने रविवारी सकाळी हुमनाबादहून झहीराबादकडे महामार्गावर गाडी मी चालवते. एका रांगेत राहायचं, आरसा पाहिल्याशिवाय रांग बदलायची नाही, हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्नशिवाय तासभर चालवून पाहा, घाम फुटतो. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी कुरकुर केली, आता स्वतः आठवण करतात. ‘सावकाश होडी,’ म्हणजे सावकाश चालव, एवढं मात्र दर दहा मिनिटांनी येतं. ‘सावकाश’ला दोन्ही भाषांत एकच शब्द आहे, त्यामुळे न समजल्याचं निमित्त सांगता येत नाही.

उजव्या बाजूने चालवण्याचा सराव इथे रस्त्यावर करता येत नाही. म्हणून पीयूसीला असलेल्या लेकीने अंगणात खडूने चौक आणि गोल आखले आणि खेळण्यातल्या गाड्या घेऊन आमची शिकवणी घेतली. गोलात फिरायचं ते घड्याळाच्या उलट. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आम्ही आणखी तीन नियम ठरवलेत. अंधार पडायच्या आत मुक्काम. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. आणि दर दीड तासाला थांबून सासूबाईंनी चार पावलं चालायचं. लुसर्न ते म्युनिक हा टप्पा लांबचा, म्हणून मध्ये बोडेन सरोवराकाठी एक मुक्काम धरला आहे.

डबा आणि औषधं

आपल्या बायकांचा जीव अडकतो तो डब्यात. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. ताज्या फळांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे, आंब्याला नाही. मे महिन्यात लेकीकडे जायचं आणि आंबा न्यायचा नाही, हे सासूबाईंना अजून पटलेलं नाही. पण कलबुर्गीची कडक ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, जवसाची चटणी, मेतकूट हे सगळं निघालं आहे. कडक भाकरीइतका प्रवासाला सोयीचा पदार्थ जगात दुसरा नसेल.

औषधं दोन ठिकाणी विभागली आहेत. इन्शुलिन विमानात सामानाच्या कोठारात द्यायचं नाही, तिथे ते गोठून बिघडू शकतं. ते हातातल्या बॅगेत, थंड पिशवीत. मोटारीतही उन्हात ठेवायचं नाही. सोबत डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, त्यात औषधांची कंपनीची नावं नव्हे तर मूळ नावं. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर आजार, औषधं, नणंदेचा फोन आणि ११२ हा आकडा. हा आणीबाणीचा क्रमांक या चारही देशांत चालतो आणि आता आपल्याकडेही तोच आहे. सासूबाईंना तो दोन्ही भाषांत पाठ आहे.

कागद झाले, सराव चालू आहे, डब्याची यादी भिंतीवर लागली आहे. गेल्या आठवड्यात लेकीने गाडीत स्टिअरिंगसमोर ठेवायला एक पुठ्ठ्याची पाटी तयार केली. एका बाजूला मराठीत ‘उजवीकडे’ आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये ‘बलक्के’. मी चालवताना एक बाजू, तिचे बाबा चालवताना दुसरी.