नाळेतल्या रक्तानं सांगितलेलं

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत गेले. दिवस जायच्या आधीपासूनच त्यांनी बायकांची वजनं-उंची टिपायला सुरुवात केली. या आयांचं वजन सरासरी जेमतेम ४२ किलो. पूर्ण दिवस भरलेली त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. एरवी विषय इथेच संपला असता. अडीच किलोच्या वर आहे ना, मग बाळ ठीक, असाच हिशेब चालत आला होता.

इथे मात्र बाळांच्या अंगावर टेप फिरली. दंड बारीक, पोट लहान. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरली तर ती जवळजवळ इंग्लिश बाळाइतकीच जाड! हडकुळ्या बाळानं चरबी तेवढी राखली होती. पुढे, २००२ साली, पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त ताडून पाहिलं, तेव्हा लहानखुऱ्या पुणेरी बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. मधुमेहाची वाट पोटातच आखली जात असावी, हा संशय त्यातून बळावला. तराजूनं हे कधीच सांगितलं नसतं.

बाळाला किती पोचतंय, याचाही पत्ता नाळेतूनच लागतो. तिच्यात एक शीर वारेकडून बाळाला रक्त आणून देते, दोन रोहिण्या परत नेतात. हा प्रवाह जन्माआधी टिपता येतो हे १९७७ साली डब्लिनमध्ये दाखवलं गेलं. दोन ठोक्यांच्या मधे तो थांबू लागला, तर वारेनं हात आखडता घेतला असं समजायचं. बाळाची वाढ तिथे अडते.

या गावांत मात्र प्रश्न नुसत्या 'किती'चा नव्हता, 'काय' याचाही होता. आईनं खाल्लेल्या एकूण उष्मांकांशी बाळाच्या वजनाचा फारसा मेळ बसेना. दूध, पालेभाज्या, फळं यांच्याशी बसला. शेतातल्या जड कामाचाही भार बाळाच्या वजनावर पडलेला दिसला. गरोदर बाईला 'दोन जिवांचं खा' म्हणायचं आणि ताटात भाकरीच वाढायची, हे आपलं जुनं दुखणं आहे. २००८ साली कळलं, की यांतल्या निम्म्याहून जास्त आयांना बी-१२ कमी पडलं होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देणं अधिक दिसलं.

ती मुलं वयात आली. २०१२पासून त्यांनाच बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या मुली पुढे आया झाल्या, आणि त्यांच्या बाळंतपणात नाळेतलं रक्त पुन्हा एकदा गोळा केलं गेलं.