यादीबाहेरची हवा

जळगावात बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसी या तीन ठिकाणी बऱ्याच वर्षांपासून हवा मोजली जाते. यंत्र साधं असतं. त्यात ए-फोरपेक्षा जरा लहान असा काचतंतूंचा पांढरा कागद बसवतात आणि पंप मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा त्यातून ओढतो. कागद आधी तोलून ठेवलेला असतो. काळपट-तपकिरी होऊन निघाला की पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे त्या वेळात शहराच्या हवेतून कागदावर बसलेली धूळ आणि धूर. दिवसाची परवानगी आहे घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. चोवीस तासांचा हिशेब मांडला तर तेवढ्या वेळात वापरलेल्या सगळ्या कागदांवर मिळून सुमारे 144 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम चिमूटभर. तेवढ्याने शहर मर्यादेच्या आत की बाहेर, हे ठरतं.

ही मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षात 104 दिवस होते. अशाच आकड्यांवरून जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या 102 शहरांच्या यादीत जळगावचं नाव आलं. सलग पाच वर्षं मानक न पाळलेली शहरं या यादीत घेतली होती आणि त्यांत महाराष्ट्राची 17 होती. धुळे त्यात नव्हतं. भुसावळ नव्हतं, आणि भुसावळला लागून असलेलं दीपनगर असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण यादी शहरांची होती. खानदेशच्या हवेबद्दल बोलायचं तर माझ्या मते सुरुवात याच फटीतून करावी लागते. उपाय महापालिकेच्या हद्दीत आखले जातात आणि धुराचे मोठे उगम हद्दीबाहेर, शेतात, जिनिंगमध्ये आणि चिमणीखाली आहेत.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मध्ये पूर्व-पश्चिम लांब पसरलेलं तापीचं खोरं. उन्हाळ्यात इथली जमीन इतकी तापते की हवा वर उचलली जाते. तेव्हा धूळ खूप उडते, पण पांगतेही. हिवाळ्यात उलट होतं. सूर्य कलला की जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची थंड हवा खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. चुलीचा, ट्रकचा, शेतातल्या जाळाचा धूर त्याखाली सकाळी उशिरापर्यंत तसाच राहतो. आणि नेमका हाच काळ खानदेशात सगळ्यात जास्त कामाचा असतो.

कापूस घरात येतो, जिनिंग सुरू होतात, आणि फरदड, म्हणजे हंगामानंतरचं जादा पीक, न घेता शेत रिकामं करा, असं कृषी विभाग सांगू लागतो. त्यामागचं कारण पक्कं आहे. उभ्या पऱ्हाट्यांमध्ये, म्हणजे कपाशीच्या काड्यांमध्ये, आणि वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर उतरते. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या निघतात. त्यातल्या काही सरपणाला जातात, काही भरताला. जळगावची हिरवी भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजल्याशिवाय खानदेशी माणसाचं समाधान होत नाही. उरलेल्याचं काय करायचं? मजूर लावून उपटून वाहून न्यायच्या तर पदरचे पैसे जातात. मग बांधालगत ढीग रचून काडी लावली जाते. यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. अळी मारा, असं त्याला सांगितलं. ती मारायचा सर्वांत स्वस्त मार्ग त्याने निवडला.

या जाळातून निघणारा धूर आणि रस्त्यावर उडणारी माती यांत मोठा फरक आहे. मातीचे कण मोठे असतात, बरेचसे नाकात, घशात अडकतात. धुराचे बहुतेक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहून बारीक असतात. ते फुप्फुसाच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, त्यातले अगदी सूक्ष्म कण रक्तात उतरतात. म्हणून दूषित हवेचं दुखणं खोकल्यावर थांबत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कमी वजनाचं बाळ, फुप्फुसाचा कर्करोग इथपर्यंत ते जातं. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये 2020 साली आलेल्या अभ्यासाने 2019 या एका वर्षात भारतात दूषित हवेमुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज 16.7 लाख दिला होता. या बारीक कणांची आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 5 सुचवली.

आता दीपनगर. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात 500 मेगावॉटचे दोन संच आहेत आणि शेजारी 660 मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे. एक युनिट वीज म्हणजे साधारण 700 ग्रॅम कोळसा. आपल्या कोळशात राख तिसऱ्या हिश्शाच्या पुढेमागे. नुसते 500 चे दोन संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला 16 हजार टनांहून जास्त कोळसा जळतो आणि पाच हजार टनांवर राख उरते. चिमणीआधीची यंत्रं त्यातली बहुतेक राख पकडतात, पण पकडलेली राख कुठेतरी ठेवावीच लागते. काही सिमेंटला, विटांना जाते. उरलेली पाण्यात कालवून जवळच्या वेल्हाळे गावातल्या राखेच्या तळ्यात सोडतात. पाणी आटलं की वरचा थर पिठासारखा मोकळा होतो, आणि चैत्र-वैशाखातला वारा तो उचलून आजूबाजूच्या शिवारात नेतो. केळीच्या रुंद पानावर ती राख बसली की बोट फिरवून रेघ ओढता येते. पानाची रंध्रं बुजतात, उजेड अडतो. बागाईतदाराला ते झाडावर तरी दिसतं. शेतात राबणाऱ्या बाईच्या छातीत काय साचलं, ते दिसत नाही.

केंद्राच्या डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर आणि जुन्या साठ्याचीही टप्प्याटप्प्याने विल्हेवाट बंधनकारक केली. कागदावर हे उत्तम आहे. चिमणीतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं मात्र उलटं झालं. हा वायू हवेत मुरून बारीक सल्फेट कण होतो आणि शेकडो किलोमीटर जातो. त्यावरची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये आली, मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांजवळची आणि अतिप्रदूषित पट्ट्यांजवळची किंवा मानक न पाळणाऱ्या शहरांजवळची केंद्रं तेवढी वेगळी धरली. 2011 च्या जनगणनेत जळगाव 4.6 लाख, धुळे पावणेचार लाख, भुसावळ 1.87 लाख. लोकसंख्या कमी म्हणून संरक्षण कमी, हा न्याय मला मान्य नाही.

जिनिंगबद्दल तर कुणी बोलतच नाही. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कापूस टाकणाऱ्या, सरकी ओढणाऱ्या बाया-माणसांच्या भुवयांवर, केसांत दुपारपर्यंत पांढरी लव चढलेली असते. रुईच्या धुळीत पानांचा, सालीचा चुरा आणि जिवाणूंचं विष मिसळलेलं असतं. त्याने बिसिनोसिस होतो: सुट्टीनंतर कामावर आलं की छाती आवळते, आठवडा पुढे सरकला की बरं वाटतं, आणि वर्षांमागून वर्षं गेली की बरं वाटणं थांबतं. 1948 च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग कळवण्याजोगा म्हणून नोंदला होता. पण जिनिंगचं काम हंगामी, मजूर दरवर्षी वेगळे. चार महिन्यांनी तीच बाई निंदणीला जाते आणि तिचा दमा ‘घरातला’ ठरतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं की जगात विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट विकार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. सकाळी चूल, दिवसा जिनिंग, संध्याकाळी पुन्हा चूल. या बाईचा श्वास गिरणा टाकीवरच्या कागदात कधी मोजला गेलेला नाही.

पैसा कुठे गेला, तेही पाहण्यासारखं आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2024 मध्ये या राष्ट्रीय कार्यक्रमाचा हिशेब मांडला. खर्चाचे 64 टक्के रस्त्यांच्या धुळीवर गेले होते: झाडणारी यंत्रं, पाण्याचे टँकर, फुटपाथ. काडीकचरा, लाकूड, गोवऱ्या जाळणं रोखण्यावर साडेचौदा टक्के. उद्योगांवर एक टक्काही नाही. महामार्गांची कामं चालू असताना धुळीवर पाणी मारावंच, त्याला विरोध नाही. पण बारीक धूर टँकरने बसत नाही.

धुळ्यात देवपूरला आणि जळगावात प्रभात चौकात आता अखंड मोजणारी केंद्रं बसली आहेत. चांगलंच झालं. तसंच एक वेल्हाळ्याजवळ हवं, एक जिनिंगच्या पट्ट्यात, आणि एखादं कापसाच्या पट्ट्यातल्या खेड्यात. मोजण्यापलीकडे धूर टाळण्याचे मार्गही आहेत. साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात; म्हणजे धूर न काढता वीज करणं खानदेशाला नवं नाही.

पऱ्हाट्यांचाही मार्ग बंद नाही. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित केलं आहे. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के शेतकचऱ्याच्या पेलेट मिसळाव्यात, असं केंद्राने 2021 च्या धोरणात सांगितलं. कापसाचा जिल्हा आणि कोळशाचं केंद्र एकाच ठिकाणी आहेत; दोघांमधली गाडी तेवढी सुरू व्हायची आहे. मात्र ती सुरू करायची तर वेळ साधावी लागेल. पेरणीच्या तोंडावर यंत्र आलं तर उपयोग नाही, तोवर ढीग जळून गेलेले असतात. पऱ्हाट्या उपटून कुट्टी करणारं यंत्र आणि ती तोलून जागेवर पैसे देणारा माणूस, दोघंही जानेवारीत बांधावर हजर हवेत, आणि दर उपटण्याच्या मजुरीपेक्षा चार पैसे जास्तच हवा.