बिझनेसची पुस्तकं बाजूला ठेवून मी सध्या कादंबऱ्या वाचतोय



"सर, सध्या काय वाचताय?" असं कुणी विचारलं, की समोरच्याला एखाद्या जाडजूड बिझनेसच्या पुस्तकाचं नाव अपेक्षित असतं. श्रीमंत व्हायचे दहा मार्ग, पहाटे पाचला उठायचे फायदे, असलं काहीतरी. खरं सांगू का? या पावसाळ्यात मी तसलं एकही पुस्तक उघडलं नाही. कादंबऱ्या वाचल्या. निव्वळ मजेसाठी वाचल्या. व्हिडिओत हे सगळं बोलायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे लिहितो. कोणती आवडली, कोणती जड गेली, आणि तुम्हाला वाचायची झाली तर कुठून सुरुवात करायची.

एक गोष्ट आधीच सांगतो. "या कादंबरीतून उद्योजकाने शिकण्यासारखे पाच धडे" असलं काही मी काढून देणार नाही. कादंबरी म्हणजे सोयाबीन नाही, की पिळलं आणि तेल काढलं. पण मी पडलो धंदा शिकवणारा माणूस. वाचताना डोळा गल्ल्याकडे जातोच, त्याला इलाज नाही.

सगळ्यात पहिली 'धग'. उद्धव शेळके यांची, 1960 साली आलेली. शेळके अमरावतीकडचे. म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या पलीकडचे. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, बोली काही फारशी बदलत नाही. या कादंबरीतली माणसं वऱ्हाडीत बोलतात, आणि आर्वी-आष्टीकडच्या वाचकाला ती आपल्याच आळीतली वाटतील. पुण्या-मुंबईच्या वाचकाला जिथे अडखळायला होतं, तिथे आपण सरळ चालत जातो. हा आपला फायदा आहे, तो घ्या.

गोष्ट कौतिकची. तिचा नवरा महादेव शिंपी. हातात कसब आहे, पण अंगात उठाव नाही. कौतिक मात्र जिद्दीची. पोरं शिकली पाहिजेत, घर वर आलं पाहिजे, यासाठी ती शेतात मजुरीला जाते, काटकसर करते, अपमान गिळते, भांडते. पुढे महादेवला कुष्ठरोग होतो आणि घराचा उरलासुरला आधारही जातो. शेवट गोड नाही. एवढंच सांगतो, बाकी तुम्ही वाचा.

या कादंबरीबद्दल बहुतेक लोक कौतिकच्या सोशिकपणाचं कौतुक करतात. मला तसं वाचवलं नाही. मला दिसला तो एक धंदा, जो कागदावर नवऱ्याच्या नावाचा आणि प्रत्यक्षात बायकोच्या मजुरीवर उभा आहे. शिलाईच्या पैशात घर भागत नाही, ते शेतातल्या रोजीतून भागतं. मग जगाने त्या घराला म्हणायचं काय? शिंप्याचं घर.

आणि हे 1960 मध्ये संपलं असं कुणी म्हणू नका. आपण एक हिशेब करून बघू. समजा सेलूला एक टेलरिंगचं दुकान आहे. महिन्याची शिलाई 14,000 रुपये. भाडं, वीज, दोरा, अस्तर, मशीनची दुरुस्ती मिळून खर्च 5,000. मालक आनंदात सांगतो, "सर, 9,000 सुटतात." छान. आता मालकाची स्वतःची मजुरी धरा. रोज 8 तास, महिन्याचे 25 दिवस, तासाला फक्त 50 रुपये. झाले 10,000. घरी बायको काज-बटण, तुरपाई आणि फॉल-पिको करते, रोजचे 3 तास. तिचे 3,750. म्हणजे मजुरीच 13,750 झाली आणि सुटले 9,000. दुकान महिन्याला 4,750 रुपये तोट्यात आहे आणि घरात कुणालाच ते माहीत नाही. कारण तिच्या तासांची नोंद वहीत नाहीच. माझ्या कॉस्टिंगच्या वर्गात हा रकाना लिहायला लावला, की पहिल्या बाकावरचे दादा हसतात, "घरच्या माणसाची कसली मजुरी!" मागे बसलेल्या ताई हसत नाहीत.

शेळक्यांनी कॉस्टिंग शिकवलेलं नाही. त्यांनी फक्त ती बाई दिवसभर काय काय करते ते लिहून ठेवलं. पण ते वाचल्यावर तो रकाना रिकामा सोडवत नाही.

कुष्ठरोगाचा भाग वाचताना वर्ध्याचा माणूस थोडा जास्त थांबतो. 1936 साली मनोहर दिवाण यांनी इथे दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करत. आपण हे सगळं शाळेत ऐकलेलं असतं. पण त्या काळी रोग झालेल्या कारागिराचं गिऱ्हाईक कसं तुटत असेल, याचा विचार मी तरी 'धग' वाचेपर्यंत केला नव्हता. आज बहुविध औषधोपचाराने हा आजार बरा होतो. ते उपचार सर्वत्र आले 1980 च्या दशकात. महादेवच्या वेळी शिंप्याच्या हाताला रोग लागणं म्हणजे हातातल्या कापडासकट सगळं संपणं होतं.

दुसरी कादंबरीही शिंप्याचीच निघाली, आणि हा योगायोग, मी ठरवून निवडली नव्हती. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', 1971 ची. बोराडे सर 2025 च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा त्यांचं नाव पुन्हा सगळीकडे आलं आणि मी ही शोधून काढली. छोटी आहे, एका रविवारी होते. भाषा मराठवाड्याची. पहिली दहा पानं जरा हळू जातील, मग कानाला सवय होते. अडलं तर मोठ्याने वाचा, अर्थ लागतो.

इथे गंगाराम शिंप्याच्या घराची कहाणी त्याची बायको सांगते. गावातल्या एका वजनदार माणसाशी गंगारामचं वाजतं. वाजतं ते वाजतं, पण मग कुणीच मागे येत नाही. आणि एका मानापमानातून सगळं घर वाऱ्यावर जातं, नाव 'पाचोळा' आहे ते उगाच नाही.

मला विचाराल तर दोघींत 'पाचोळा' अधिक घट्ट विणलेली आहे. एक शब्द जास्तीचा नाही. आणि गंगाराम चूक की बरोबर, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. अर्धा वेळ वाटतं, अरे बाबा, दोन पावलं मागे ये, धंदा आहे, गिऱ्हाईक आहे, पोरंबाळं आहेत. अर्धा वेळ वाटतं, दरवेळी गरिबानेच का मागे यायचं? धंद्याच्या वर्गात आम्ही ताबडतोब उत्तर देतो: ग्राहक देव आहे, डोकं थंड ठेवा. सोपं आहे म्हणायला. ज्या गावात एकच मोठं घर आहे आणि त्याच घराच्या शब्दावर बाकीची गिऱ्हाइकं येतात-जातात, तिथे डोकं थंड ठेवण्याला काय किंमत मोजावी लागते, ते बोराडे दाखवतात. बिझनेसच्या पुस्तकात हा माणूस सापडत नाही. तिथे सगळे जिंकलेलेच असतात. हरलेल्या दुकानदाराला पुस्तक लिहायला कोण सांगतो?

एक तक्रार आहे. बाईच्या तोंडून सगळं ऐकताना वाटत राहतं, की हिला कुणी एकदा तरी विचारलं का, काय करायचं? 'धग'मध्ये निदान कौतिक ठरवते, धडपडते. इथे ती बघते. कदाचित बोराड्यांना तेच दाखवायचं असेल. पण माझा जीव तळमळला, हे खरं.

या दोन शिंप्यांवर मी इतका रेंगाळलो त्याला एक कारण आहे. आपल्याकडे शिलाई मशीन हा आजही बायकांचा पहिला धंदा आहे. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात टूलकिटसाठी 15,000 रुपये मिळतात, आणि तारणाशिवाय कर्ज आधी 1 लाख, मग 2 लाख, 5 टक्के व्याजाने. योजनेला वर्ष झालं तेव्हाचा राष्ट्रीय कार्यक्रम 20 सप्टेंबर 2024 ला आपल्या वर्ध्यातच झाला. योजनेची माहिती मी वेगळ्या व्हिडिओत दिलीच आहे. पण अर्ज भरताना नाव कुणाचं, मशीनवर पाय कुणाचा आणि गल्ल्याची किल्ली कुणाकडे, हे तीन प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतात. मगनवाडीत बसून कुमारप्पांनी खेड्यातल्या कारागिराचं अर्थशास्त्र मांडलं, ग्रामोद्योग संघ चालवला. त्या कारागिराच्या चुलीपाशी काय बोलणं चालतं, ते मात्र शेळक्यांकडे आणि बोराड्यांकडेच मिळतं.

तिसरी, सदानंद देशमुखांची 'बारोमास'. 2002 ची, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. देशमुख बुलढाण्याचे. एकनाथ तनगडे नावाचा एम. ए., बी. एड. झालेला पोरगा. मास्तरकीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत आणि शेती तर पोट भरू देत नाही. घरात आई-बाप, भाऊ, आणि शिकलेली बायको अलका, जिने लग्न करताना वेगळं चित्र पाहिलेलं. कापसाच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना यातलं काहीच परकं नाही.

पुस्तक मोठं आहे, आणि मधे मी दोनदा बाजूला ठेवलं. दुःखावर दुःख येत राहतं, श्वास घ्यायला जागा मिळत नाही. पण पुन्हा उचललं, कारण हा एकनाथ माझ्या प्रत्येक बॅचमध्ये असतो. नोकरी लागली नाही, शेती झेपत नाही, म्हणून तो "काहीतरी धंदा" करायला आलेला असतो. त्याला आल्या आल्या मार्केटिंग शिकवायला घेणं हा मूर्खपणा आहे. आधी त्याच्या मनातून पदवी उतरावी लागते. एम. ए. झालेल्या माणसाने चौकात पोह्याची गाडी लावायची म्हणजे काय वाटतं, हे ज्याला कळत नाही त्याने प्रशिक्षण देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रशिक्षकांनी तर 'बारोमास' वाचावीच.

एवढं सगळं जड झाल्यावर तोंडाला चव यावी म्हणून श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' घेतली. 1952 ची, पण अजून ताजी. कोकण, सुपारीच्या बागा, वाया गेलेला म्हणून गावाने ओवाळून टाकलेला बापू, आणि हॉटेल चालवणारी राधा. ही मात्र मी खरोखर मिटक्या मारत वाचली. बापू सुपारीच्या व्यापारात कसा वर येतो त्यापेक्षा, त्याला नावं ठेवणारं गाव नंतर कसं बोलायला लागतं, ते बघण्यात मजा आहे. पेंडसे स्वतः मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते. बेस्टमध्ये नोकरी करून त्यांनी हा सगळा समुद्राकाठ उभा केला, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

'कोसला'ही पुन्हा चाळली. तिच्याविषयी एवढं लिहिलं गेलंय की मी भर घालणार नाही. फक्त पांडुरंग सांगवीकरच्या मेसच्या कारभाराची पानं खानावळवाल्यांनी जरूर वाचावीत. हसून पोट दुखेल, आणि मग जरा वही काढून बसाल.

नंदा खरे यांची 'उद्या' अर्धी झाली आहे. खरे आपल्या नागपूरचे, सिव्हिल इंजिनियर, बांधकामाच्या धंद्यात मुरलेले. म्हणजे पैसा, मजूर आणि कंत्राट हे त्यांनी लांबून पाहिलेलं नव्हतं. या कादंबरीला साहित्य अकादमीचा 2020 चा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. उद्याच्या काळातलं भांडवल, तंत्रज्ञान, माणसांवरची पाळत असा सगळा पसारा आहे. दुकानातल्या दिवसभराच्या कामानंतर वाचायला अवघड जाते, सकाळी वाचली तर पुढे सरकते. पूर्ण झाली की सांगेन.

पुस्तकं कुठे मिळतील? 2023 च्या फेब्रुवारीत 96 वं साहित्य संमेलन वर्ध्यात झालं तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी स्टॉलवरून पुस्तकं घेतली असतील. ती कपाटात तशीच असतील तर आधी तीच काढा. नाहीतर गावातलं किंवा तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय बघा, 'धग' आणि 'गारंबीचा बापू' जुन्या वाचनालयांत बहुधा असतात. विकत घ्यायची तर आधी 'पाचोळा' घ्या, लहान आहे, खिशालाही परवडते.

ज्यांनी शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नाही, त्यांनी 'बारोमास'पासून सुरू करू नका, दमाल. 'गारंबीचा बापू', मग 'पाचोळा', मग 'धग', असा क्रम माझ्या मते बरा. आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना मोबाइल चाळण्यापेक्षा वाचा, पण पुस्तक काउंटरखाली ठेवा. गिऱ्हाईक आलं की लगेच खाली ठेवता आलं पाहिजे. 'पाचोळा'च्या शेवटच्या तीस पानांना मात्र हा नियम लावू नका. त्या दिवशी शटर अर्धं ओढा.