वृद्धाश्रमाची पारख

गेल्या पावसाळ्यात एका परिचित गृहस्थांच्या भेटीसाठी आम्हांस एका वृद्धाश्रमात जावे लागले. त्या स्थळाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. इमारत नवी होती, फरशी लख्ख पुसलेली होती, व्हरांड्यात फुलझाडांच्या कुंड्या होत्या आणि दर्शनी भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरलेली होती. हे गृहस्थ आयुष्याची उमेदीची वर्षे जहाजावर राबलेले तारवटी. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आहे व वाचाही जड झाली आहे. आम्ही खाटेशी बसताच त्यांनी मोठ्या कष्टाने एकच शब्द उच्चारला : "पाणी."

तांब्या खाटेला लागूनच होता. तो भरलेला होता व वर स्वच्छ झाकणही होते. परंतु तो उजव्या बाजूस होता. डावा हात तेथवर पोहोचत नव्हता आणि उजवा हात हलत नव्हता. सेवेस असलेल्या बाईंना आम्ही विचारले, तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "मी तर सकाळीच भरून ठेवला होता हो." त्यांचे म्हणणे खरे होते. त्या बाई वाईट नव्हत्या. त्या मजल्यावर बावीस वृद्ध होते आणि त्या एकट्या होत्या.

वाचकहो, हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु वृद्धाश्रमाविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते बहुतेक या एका तांब्यात सामावलेले आहे. म्हाताऱ्या माणसाची हेळसांड नेहमी दुष्टपणातूनच होते असे नाही. ती पुष्कळदा माणसांच्या तुटवड्यातून, अज्ञानातून आणि कोणी पाहावयास येत नाही या कारणाने होते.

हा प्रश्न आता आपल्या गावांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. एक मुलगा आखातात, दुसरा इंग्लंडात, मुलगी मुंबईस आणि वाड्यात दोन म्हातारी माणसे, अशी घरे आज प्रत्येक धर्मग्रामात दाखविता येतील. अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यास एकट्या सुनेने दिवसातून दहा वेळा उचलावे, ही अपेक्षा सहज करता येते; पण तिची पाठ मोडते हेही आपण पाहतो. म्हणून आईबापांस वृद्धाश्रमात ठेवणारा प्रत्येक जण चौथी आज्ञा मोडतो असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की त्यांस तेथे पोहोचविल्याने आपले कर्तव्य संपत नाही. त्याचे केवळ रूप पालटते.

एका बिछान्यापासून आरंभ

वृद्धांचे घर कसे असावे, हे शिकविणारा एक दाखला आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे. फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतात कानकाल नावाच्या कोळ्यांच्या गावी १७९२ साली जान ज्युगाँ हिचा जन्म झाला. मोलकरणीचे व रुग्णसेवेचे काम करून ती पोट भरीत असे. १८३९ च्या हिवाळ्यात सां-सर्व्हां या गावी एका आंधळ्या, अंगाने लुळ्या झालेल्या निराधार वृद्धेस तिने आपल्या घरी आणले, स्वतःच्या बिछान्यावर निजविले आणि स्वतः माळ्यावर निजू लागली. जान त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांची होती. पुढे आणखी वृद्ध आले, सोबतीणी मिळाल्या. हाती टोपली घेऊन जान दारोदार भिक्षा मागू लागली. त्यातूनच 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. १८८२ साली या भगिनी कलकत्त्यास आल्या व आपल्या देशातील त्यांच्या सेवेस आरंभ झाला. जान ज्युगाँ १८७९ साली निवर्तली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी तिचे संतपद घोषित केले.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज या भगिनी आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. यातील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. दारी आलेला वृद्ध हा सांभाळावयाचे ओझे नव्हे, तो घरचा पाहुणा होय. आणि पाहुण्यास आपण उरलासुरला नव्हे, तर आपला चांगला बिछाना देतो.

केवळ दया पुरेशी नाही

परंतु मायेने बिछाना दिला म्हणजे झाले, असेही नाही. ज्या देशांत वृद्धांच्या सेवागृहांची प्रथा आपल्यापेक्षा जुनी आहे, त्यांस हा धडा फार कष्टाने शिकावा लागला.

आयर्लंड हा आपल्यासारखाच कुटुंबवत्सल व कॅथलिक परंपरेचा देश. तेथे डब्लिन शहराजवळ 'लीस क्रॉस' नावाचे खाजगी सेवागृह होते. २००५ सालच्या मे महिन्यात तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीने गुप्त कॅमेऱ्याने टिपलेली तेथील दृश्ये दाखविली, तेव्हा सारा देश हादरला. त्याच वर्षी ते गृह बंद झाले. वार्धक्यरोगांचे तज्ज्ञ प्राध्यापक डेस ओ'नील यांचा चौकशी अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. सेवकांची अपुरी संख्या व अपुरे शिक्षण यांवर त्यांनी बोट ठेवले. एखाद्या दुष्ट व्यक्तीपेक्षा तेथील सारी व्यवस्थाच सदोष होती, असा त्याचा मथितार्थ होता. २००७ साली नवा कायदा झाला आणि जुलै २००९ पासून आयर्लंडातील सर्व सेवागृहे, मग ती सरकारी असोत, खाजगी असोत वा धर्मादाय, एका स्वतंत्र तपासणी संस्थेच्या देखरेखीखाली आली.

अमेरिकेत हे काम त्याआधीच सुरू झाले होते. तेथे १९८६ साली तज्ज्ञांच्या समितीने सेवागृहांच्या दुरवस्थेविषयी अहवाल दिला व १९८७ साली कायदा झाला. वृद्ध पडू नये म्हणून त्यास खुर्चीला वा खाटेला पट्ट्याने बांधून ठेवण्याची रीत तोवर तेथे सर्रास होती. दर दहांपैकी सुमारे चौघांस असे बांधले जाई. सेवकांच्या सोयीसाठी वा शिक्षा म्हणून कोणासही बांधू नये, असे त्या कायद्याने ठरविले. मग पडण्याचे अपघात वाढले काय? अनुभव उलट आला. बांधलेल्या माणसाच्या पायांतील बळ जाते, तो सुटण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीत त्यास अधिक इजा होते. कधी पट्ट्यात गळा अडकून प्राणही जातो. आज तेथे ही रीत जवळजवळ नाहीशी झाली आहे. सेविकेस कामावर कायम करण्यापूर्वी निदान ७५ तासांचे शिक्षण द्यावे आणि तपासनीसांनी आगाऊ सूचना न देता यावे, हेही त्याच कायद्याने ठरविले.

तरीही कायदा सर्व काही करू शकत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडा राज्यात मोठे चक्रीवादळ आले व हॉलिवूड नावाच्या गावातील एका सेवागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. दोन-तीन दिवस आतील उष्मा वाढत गेला आणि त्या उष्म्याने बारा वृद्ध दगावले. मोठे इस्पितळ अगदी शेजारीच होते! मदत हाकेच्या अंतरावर असूनही वृद्धांस वेळीच तेथे हलविले गेले नाही. ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात वीज जाणे म्हणजे काय, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणे नलगे.

आपण काय पाहावे?

आता आपल्या उपयोगाचे बोलू. आईबापांस कोठे ठेवावयाचे झाल्यास दिवाणखाना व बाग पाहून परतू नये. पुढील गोष्टी खाटेपाशी जाऊन पाहाव्यात.

पहिली गोष्ट, माणसे. दिवसा किती सेवक असतात हे सारेच सांगतात. आपण रात्रीचे विचारावे. रात्री दोन वाजता म्हाताऱ्यास लघवीस जावयाचे असेल तर हाक कोणास ऐकू जाते? पुष्कळसे अपघात याच वेळी, खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर होतात. त्या वाटेवर दिवा आहे काय, भिंतीला धरावयास दांडी आहे काय, फरशी ओली राहते काय, हे पाहावे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की अनेक जण पुन्हा पायांवर उभे राहत नाहीत.

दुसरी गोष्ट, पाठ. ज्यास स्वतः कूस पालटता येत नाही त्यास सेवकांनी ठरावीक वेळाने, साधारणतः दर दोन तासांनी, कुशीवर वळविले पाहिजे. नाही तर माकडहाड, खुबे व टाचा येथील कातडी दबून जखमा होतात व त्या हाडापर्यंत खोल जातात. बोटाने दाबून सोडल्यावरही जो लालपणा जात नाही, ती त्या जखमेची पहिली खूण होय. चादर वर करून टाचा पाहण्यास संकोच करू नये. आपल्या जन्मदात्याचेच ते पाय आहेत.

तिसरी गोष्ट, अन्न व पाणी. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून 'मागितले की देतो' एवढे पुरेसे नाही. पाणी वेळोवेळी पुढे करावे लागते आणि ते चालत्या हाताच्या बाजूस ठेवावे लागते. ज्यास गिळावयास त्रास होतो त्यास आडवे निजवून घास भरविणे धोक्याचे आहे. त्यास ताठ बसवावे, हळूहळू भरवावे व जेवणानंतर अर्धा तास तरी तसेच बसू द्यावे. नाही तर अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. भरविणारी बाई बसून भरवते की उभ्याने उरकते, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

चौथी गोष्ट, औषधे. कोणती गोळी कोणी, केव्हा दिली याची वही असावी व ती आपणांस दाखविली जावी. आपले माणूस दिवसभर पेंगत असेल तर कारण विचारावे. विसराळूपणाच्या आजाराने बेचैन झालेल्या वृद्धास गुंगीच्या गोळ्या देऊन शांत करणे सोपे असते. परंतु त्या गोळ्यांनी माणूस पडतो, आणि त्यांतील काहींनी अशा रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली दिला आहे. गोळी ही पदराने बांधण्याचीच दुसरी तऱ्हा होऊ नये.

पाचवी गोष्ट, संकटकाळ. आग लागली तर न चालणाऱ्यांस बाहेर कोण काढणार, रात्री दरवाजाची किल्ली कोणाकडे असते, वीज गेली तर पंखा व पाणी यांची सोय काय, इस्पितळात नेण्यास गाडी कोणती? जो व्यवस्थापक या प्रश्नांनी रागावतो, त्याच्या रागातच उत्तर मिळाले असे समजावे.

कायद्याचा आधार

आपल्या देशात आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयी २००७ साली कायदा झाला. साठ वर्षांवरील ज्या व्यक्तीस स्वतःचा निर्वाह करता येत नाही, तिला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसल्यास जे नातलग मालमत्तेचे धनी होणार, त्यांच्याकडून मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर वा जमीन मुलाच्या नावे केली आणि त्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु अशा आश्रमांच्या व्यवस्थेचे व सेवेच्या दर्जाचे नियम करणे राज्य सरकारांवर सोपविलेले आहे. कोठे हेळसांड दिसली तर १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी असलेल्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेस कळविता येते. त्यास पैसे पडत नाहीत.

सर्वांत मोठा तपासनीस

तथापि आमच्या मते सर्वांत मोठा तपासनीस म्हणजे अवचित येणारा नातलग होय. ज्या वृद्धाकडे कोणी ना कोणी येत असते, त्याची चादर वेळेवर बदलली जाते. ज्याच्याकडे वर्षभर कोणी फिरकत नाही, त्याची हाक उशिरा ऐकू येते. हा मनुष्यस्वभाव आहे व तो गृहीत धरूनच चालले पाहिजे. म्हणून भेटीची वेळ पालटत राहावी. कधी जेवणाच्या वेळी, कधी तिन्हीसांजेला जावे. सेविकांशी आदराने बोलावे, त्यांच्या अडचणी विचाराव्या. त्या थकलेल्या असतात, पगार तुटपुंजा असतो, आणि चांगल्या कामाबद्दल त्यांची पाठ क्वचितच कोणी थोपटतो. परदेशी असलेल्यांनी पैशाबरोबर आपल्या वतीने पाहून येणारे गावातील एखादे विश्वासू माणूसही नेमावे. आणि ज्यांचे कोणीच नाही त्यांच्यासाठी धर्मग्रामातील आपण आहोत. रविवारच्या मिस्सानंतर दोघा-चौघांनी पाळीपाळीने जवळच्या वृद्धाश्रमात जाणे, ही काही फार मोठी गोष्ट नव्हे.

त्या दिवशी आम्ही निघण्यापूर्वी व्यवस्थापक बाईंना भेटून तांब्याची गोष्ट सांगितली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी स्वतः येऊन मेज खाटेच्या डाव्या बाजूस सरकविले व मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी भिंतीवर लाविली : 'यांचा डावा हात चालतो.' पंधरा दिवसांनी आम्ही न कळविता पुन्हा गेलो. मेज डावीकडेच होते आणि तांब्या अर्धा रिकामा होता.